५० केबीचा फोटो आणि हिरवे बटण
फुकट छायाचित्र-साधने, त्यांवरील जाहिराती आणि वापरकर्त्याच्या तक्रारीचा प्रवास

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा टाळेबंदीचे दिवस होते. बाहेरगावच्या माणसाला इथे येऊन ते पाहता येत नव्हते. त्यामुळे सरोवराचा तो रंग बहुतेकांनी पाहिला तो फोटोतून, आणि फोटो पाहणाऱ्या अनेकांचा पहिला प्रश्न एकच होता : "एडिट केलाय का?" पुढे नासाच्या लँडसॅट-८ या उपग्रहाने २५ मे आणि १० जून रोजी टिपलेली चित्रे शेजारी-शेजारी ठेवली गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने विषयाची दखल घेतली, वनविभागाने पाण्याचे नमुने पाठवले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अतिखारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचे कारण पुढे आणले. गावातल्या पोरांनी कड्यावर उभे राहून काढलेला फोटो खरा आहे, हे पटायला एवढी साक्ष लागली.

हा संशय आपल्या मनात पेरला तो फोटो बदलणाऱ्या फुकट साधनांनी. चार बोटांच्या हालचालीत पाण्याचा रंग बदलता येतो, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण याच साधनांचा लोणारमध्ये रोज होणारा खरा उपयोग वेगळा आणि अगदी साधा आहे. नोकरीच्या, शिष्यवृत्तीच्या, प्रवेशाच्या ऑनलाइन अर्जासाठी फोटो लहान करणे. या कामासाठी आपली मुले ज्या फुकट संकेतस्थळांवर जातात, तिथली जाहिरात कशी रचलेली असते, तिच्याबद्दल तक्रार केली तर कंपन्या काय करतात आणि कोणाची तक्रार ऐकली जाते, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

गरज निर्माण कोण करते?

बँकांच्या लिपिक आणि अधिकारी पदांसाठी आयबीपीएस ही संस्था परीक्षा घेते. तिच्या अर्जातल्या सूचना अनेक घरांमध्ये पाठ असतील. फोटो २०० गुणिले २३० पिक्सेल, २० ते ५० केबी. सही १४० गुणिले ६० पिक्सेल, १० ते २० केबी. डाव्या अंगठ्याचा ठसा २० ते ५० केबी. स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहिलेले प्रतिज्ञापत्र ५० ते १०० केबी. म्हणजे एका अर्जासाठी चार फायली आणि चार मापे.

आता मुलाच्या हातात काय असते ते पाहू. साधारण फोनचा कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा धरला, तर एका फोटोत सुमारे १ कोटी २० लाख पिक्सेल असतात आणि फाइल तीन-चार एमबीची होते. अर्जाला हवे आहेत ४६ हजार पिक्सेल. म्हणजे दर २६० ठिपक्यांमागे एक ठेवायचा आणि बाकीचे टाकून द्यायचे. हे काम संगणकाच्या दृष्टीने क्षुल्लक आहे. जेपीईजी ही पद्धत १९९२ पासून प्रमाण म्हणून वापरात आहे. ती चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि डोळ्याला न जाणवणारा तपशील गाळते. किती गाळायचे, हे एका आकड्याने ठरते. आजचा कोणताही ब्राउझर हे स्वतःच, फाइल बाहेर कुठेही न पाठवता, पापणी लवायच्या आत करू शकतो.

काम इतके सोपे असूनही अर्ज घेणारे बहुतेक पोर्टल ते करत नाही. ते फक्त लाल अक्षरांत सांगते, 'फाइलचा आकार मर्यादेपेक्षा जास्त आहे', आणि मुलाला दारातून परत पाठवते. मुलगा गूगलवर 'फोटो ५० केबी' असे शोधतो. वर्षभरात देशातली लाखो मुले हाच शोध घेतात, बहुतेक वेळा अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आगेमागे. फुकट साधनांची बाजारपेठ इथे उभी राहते, आणि ती उभी करण्यात अर्ज मागणाऱ्या संस्थेचा वाटा मोठा आहे. या विषयावर बोलताना आपण नेहमी संकेतस्थळावर घसरतो. पण त्याच्याकडे गिऱ्हाईक धाडणारा वेगळाच असतो, ही गोष्ट सुटून जाते.

एका पानाचे वाचन

माझ्या भाच्याचा बँकेचा अर्ज असाच शेवटच्या संध्याकाळी भरला गेला. बसस्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांच्या दुकानात गर्दी होती, म्हणून तो बाकावर बसून माझ्याच फोनवर फोटो लहान करू लागला. एका फुकट संकेतस्थळाने फोटो घेतला, एक गोल चक्र फिरले आणि खाली एक रुंद हिरवे बटण आले. त्यावर बाण आणि 'डाउनलोड' हा शब्द. "मामा, हे हिरवं दाबू काय?" असे त्याने विचारले आणि मी मान डोलावेपर्यंत दाबलेही. दुसरेच पान उघडले. तिथे 'पुढे जाण्यासाठी परवानगी द्या' अशी सूचना होती. तीही त्याने दिली. फोटो काही उतरला नाही. दुकानदार काउंटरवरून म्हणाला, "हिरव्याले हात लावू नका भाऊ, ते खालचं बारीक दाबा." खालच्या बारीक, करड्या अक्षरांत खरे बटण होते. अर्ज रात्री साडेअकराला गेला. पुढचे तीन आठवडे माझ्या फोनवर दिवसातून दहा-बारा वेळा 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे', 'तुमचे बँक खाते बंद होत आहे' असे खोटे इशारे येत राहिले. त्या एका परवानगीचा हा परिणाम होता, हे मला उशिरा कळले.

नंतर मी ते पान सवडीने, एखादा मजकूर वाचावा तसे वाचले. सगळ्यात वर एक आडवी जाहिरात. मग 'फोटो निवडा' असा चौकोन, तो खरा. त्याच्या लगेच खाली दुसरी जाहिरात. काम पूर्ण झाल्यावर पान आपोआप थोडे वर सरकते, आणि बोट जिथे असते तिथे हिरवे बटण येते. जाहिरात असल्याची खूण आहे, पण ती कोपऱ्यात, तिळाएवढ्या अक्षरांत. जाहिरात बंद करण्याची फुली इतकी लहान की बोट फुलीवर न पडता जाहिरातीवरच पडते. खऱ्या बटणाला ना रंग, ना चौकट.

या रचनेमागचा हिशेब समजून घेतला पाहिजे. पान उघडते त्या क्षणी त्यातल्या मोकळ्या जागांचा लिलाव होतो आणि जास्त बोली लावणाऱ्याची जाहिरात तिथे बसते. संकेतस्थळाला पैसे मिळतात ते जाहिरात दिसल्याचे किंवा दाबल्याचे. दिसल्याचा दर थोडा, दाबल्याचा जास्त. बातम्यांच्या पानावर वाचक पाच-दहा मिनिटे रेंगाळतो. फोटो लहान करायला आलेला माणूस एका मिनिटात काम उरकून जातो. त्याला साडी किंवा मोटारसायकल दाखवून उपयोग नाही, कारण त्याचे लक्ष एकाच शब्दावर खिळलेले असते : डाउनलोड. तेव्हा जाहिरातदार तोच शब्द विकत घेतो. इथे साधन चालवणारा म्हणतो, 'जाहिरात कोणती येईल, हे आमच्या हातात नाही.' यात तथ्य आहे. पण जाहिरात कुठे बसेल, ती खऱ्या बटणापासून किती अंतरावर असेल आणि खरे बटण किती फिके असेल, हे पूर्णपणे त्याच्याच हातात आहे. दोष मोजायचा तो इथे.

जाहिरातीला आक्षेप नाही

हा लेख ज्या अंकात छापला जात आहे, तो जाहिरातींशिवाय निघाला नसता. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा वाचकाच्या वर्गणीवर जितकी चालली, तितकीच जाहिरातदाराच्या पैशावर चालली आहे. सहकारी बँका, सराफ, मसालेवाले, औषधवाले यांच्या शुभेच्छांची पाने उलटतच आपण कथेपर्यंत पोचतो आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करत नाही. कारण एक अलिखित करार पाळला जातो. जाहिरातीला चौकट असते. मजकुरासारखी दिसणारी जाहिरात असेल, तर वर 'जाहिरात' असे छापण्याची रीत आहे. एखाद्या अंकाने कथेच्या शेवटी 'पुढे पान ८४ वर' असे छापावे आणि पान ८४ वर गेल्यावर तिथे केशतेलाची जाहिरात निघावी, असा प्रकार झाला तर वाचक तो अंक पुन्हा हातात घेणार नाही.

फुकट साधनावरचे हिरवे बटण हा नेमका पान ८४ चा प्रकार आहे. म्हणून 'फुकटात मिळते तर कुरकुर कशाला?' हा प्रश्न इथे लागू पडत नाही. साधन बनवणाऱ्याला सर्व्हरचे भाडे आहे, श्रमाचे मोल आहे; त्यासाठी त्याने माझे चार क्षणांचे लक्ष विकले तर तो रास्त सौदा आहे. माझी दिशाभूल विकणे हा सौदा नाही. शिवाय दिशाभुलीची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. ज्याला ठाऊक आहे, तो जाहिराती अडवणारे सॉफ्टवेअर घालतो किंवा पैसे भरून जाहिरातमुक्त आवृत्ती घेतो. उरतो तो पहिल्यांदा अर्ज भरणारा मुलगा, वडिलांचा फोन मागून आणलेली मुलगी, चष्मा घरी विसरलेला शेतकरी. फसवणाऱ्या जाहिरातीचे सगळे उत्पन्न यांच्या चुकीतून येते. म्हणजे साधन सर्वांना फुकट, आणि त्याचा खर्च सर्वांत कमी जाणणाऱ्यांच्या माथी.

कंपन्यांनी ऐकले, ते कधी?

तक्रारींचा परिणाम होतच नाही, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. चार प्रकरणे पाहू.

पहिले प्रकरण गिंप या फोटो-संपादन सॉफ्टवेअरचे. बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेले आणि १९९६ मध्ये खुले झालेले हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याची घडण सर्वांना पाहता येते. त्याची विंडोज आवृत्ती सोर्सफोर्ज या संकेतस्थळावरून उतरवली जात असे. तिथल्या पानांवर 'डाउनलोड' लिहिलेल्या फसव्या जाहिराती येऊ लागल्या आणि सॉफ्टवेअर बसवताना भलतेच काही गळ्यात मारले जाऊ लागले. तेव्हा नोव्हेंबर २०१३ मध्ये गिंपने ते ठिकाण सोडले. मे २०१५ मध्ये उघड झाले की त्यांच्या मागे राहिलेल्या खात्यातून सोर्सफोर्ज स्वतःच जाहिरातींची जोड दिलेली आवृत्ती वाटत होते. कंपनीचा पहिला खुलासा असा की तो प्रकल्प बेवारस झाला होता. ओरड वाढली तेव्हा काही दिवसांत तिने माघार घेतली. २०१६ मध्ये मालक बदलला आणि नव्या मालकाने जोडजाहिरातींची ती योजनाच बंद केली.

दुसरे प्रकरण आपल्या जास्त जवळचे. कागदाचा फोटो काढून त्याची स्वच्छ प्रत करणारे कॅमस्कॅनर हे ॲप भारतात घरोघरी होते. गूगल प्लेवरून ते १० कोटींहून अधिक वेळा उतरवले गेले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना त्याच्या जाहिराती दाखवणाऱ्या भागात घातक संगणकीय तुकडा सापडला. तो वापरणाऱ्याच्या नकळत बाहेरून आणखी काही आणून फोनमध्ये चालवू शकत होता. इथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की आधीच्या महिनाभरात साध्या वापरकर्त्यांनी आपल्या अभिप्रायांत काहीतरी गडबड असल्याचे लिहून ठेवले होते. त्यांचे लिहिणे तसेच पडून होते. संशोधकांनी आवाज दिल्यावर गूगलने ॲप काढले. कंपनीने जाहिरात पुरवणाऱ्या दुसऱ्या कंपनीवर ठपका ठेवला, तो भाग काढून टाकला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला ॲप परत आले. या साऱ्या काळात पैसे भरून घेण्याची आवृत्ती मात्र दुकानातून हलली नव्हती, कारण तिच्यात जाहिरातीचा तो भागच नव्हता. फुकट आणि विकत यांतला फरक इतका उघडा क्वचितच दिसतो. पुढे २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ज्या ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत कॅमस्कॅनरही होते. पण त्या बंदीचे कारण देशाच्या सुरक्षेचे होते, या जाहिरातींचे नव्हे.

तिसरे आणि चौथे प्रकरण थोडक्यात. डिसेंबर २०१२ मध्ये इन्स्टाग्रामने नवे नियम जाहीर केले. वापरकर्त्यांचे फोटो जाहिरातीत वापरले जातील, असा त्यांचा अर्थ लोकांनी लावला आणि खाती बंद करण्याची भाषा सुरू झाली. तीन दिवसांत कंपनीने जाहिरातींविषयीचा भाग जुन्या शब्दांवर परत नेला. २०१७ मध्ये फोटोबकेट या जुन्या फोटो-साठवण संकेतस्थळाने, तिथे ठेवलेले फोटो इतरत्र दाखवण्यासाठी वर्षाला सुमारे ४०० डॉलर मागितले. ज्यांनी भरले नाहीत, त्यांच्या वर्षानुवर्षांच्या फोटोंच्या जागी कंपनीची पाटी झळकू लागली. विक्रेते आणि छंदी मंडळींची त्यात वाताहत झाली. २०१८ मध्ये कंपनीने दर मोठ्या प्रमाणात उतरवले.

ही प्रकरणे शेजारी ठेवली की एक क्रम दिसतो. आधी खुलासा येतो, मग दुसऱ्यावर ठपका, मग नुकसान दिसू लागले की माघार. आणि प्रत्येक माघारीमागे तक्रार करणाऱ्याच्या हातात काहीतरी होते. गिंपकडे सॉफ्टवेअर होते. ते घेऊन ते बाहेर पडू शकले. इन्स्टाग्रामच्या वापरकर्त्यांकडे खाती होती आणि त्या खात्यांमुळेच कंपनीला किंमत होती. फोटोबकेटच्या वापरकर्त्यांकडे नाव, पत्ता आणि वर्षांचा व्यवहार होता. कॅमस्कॅनरच्या साध्या वापरकर्त्याकडे यांतले काहीच नव्हते; त्याचा शब्द ऐकला गेला, तो दुकानाच्या दारावर गूगल उभे होते म्हणून.

लोणारच्या मुलाकडे काय आहे? तो त्या संकेतस्थळावर वर्षातून दोन-तीनदा जातो. खाते उघडत नाही, नाव सांगत नाही, मिनिटात निघून जातो. उद्या तो रागावून आला नाही, तर कंपनीला कळणारही नाही, कारण तो आला होता हेही तिला आकड्यापलीकडे ठाऊक नव्हते. ॲपला निदान एक तारा देता येतो. संकेतस्थळाला तोही देता येत नाही.

तक्रार हीच विक्रीची वस्तू

मी त्या संकेतस्थळाला लिहिले. अभिप्रायाचा रकाना शोधायला पानाच्या तळापर्यंत जावे लागले. तो इंग्रजीत होता. मी हिरव्या बटणाची हकीकत, दिवस, वेळ, पडद्याचा फोटो असे सगळे पाठवले. दोन दिवसांनी उत्तर आले : तुमच्या अभिप्रायाबद्दल आभार; जाहिरातींचा त्रास नको असल्यास आमची मासिक योजना घ्या.

हे उत्तर यंत्राने दिलेले असेल, पण त्यातला विचार माणसाचा आहे. जाहिरात जितकी त्रासदायक, तितकी ती काढून टाकण्याची योजना खपणार. अशा व्यवस्थेत तक्रार हे दुरुस्तीचे निमित्त राहत नाही. ती गिऱ्हाइकाची चौकशी ठरते. जाहिरातमुक्त आवृत्ती विकण्यात गैर काही नाही. गैर आहे ते फसवी जाहिरात आणि साधी जाहिरात यांना एकाच गाठोड्यात बांधून, फसवणूक टाळण्यासाठी पैसे मागणे. दुधात पाणी घालू नका म्हटल्यावर, 'बिनपाण्याचे हवे तर दर वेगळा' असे गवळ्याने सांगावे, तसे हे झाले.

दुसरी वाट नाही, असेही नाही. इव्हान कुत्स्किर या प्रोग्रामरने २०१३ मध्ये सुरू केलेले फोटोपी हे फोटो-संपादन संकेतस्थळ जाहिरातींवरच चालते आणि तेही जाहिराती लपवण्यासाठी पैसे घेते. पण त्यात फोटो कुठेही पाठवला जात नाही, सारे काम आपल्याच ब्राउझरमध्ये होते. जाहिरात बाजूच्या पट्टीत असते, आणि वापरकर्त्यांनी दाखवलेल्या चुका सर्वांना वाचता येतील अशा जाहीर यादीत नोंदवल्या जातात. गूगलने २०१८ मध्ये काढलेले स्क्वूश हे साधन फोटो लहान करण्याचे काम ब्राउझरमध्येच, जाहिरातीशिवाय करते. म्हणजे 'फुकट म्हटले की हे आलेच' हा समज खोटा आहे. ती रचनेची निवड आहे.

फोटो बाहेर न पाठवण्याचा मुद्दा मी मुद्दाम लिहिला. अर्जाचा फोटो लहान करणारा मुलगा त्याच पानावर सही, अंगठा, कधी आधार कार्ड आणि जातीचा दाखलाही लहान करतो. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने फाइल बदलून देणाऱ्या फुकट संकेतस्थळांबद्दल लोकांना सावध केले होते : काम खरोखर करून देतात, पण सोबत घातक सॉफ्टवेअर देतात किंवा फाइलमधली माहिती काढून घेतात. एकाच संध्याकाळी चेहरा, सही आणि अंगठा एकाच अनोळखी ठिकाणी ठेवून येणे, हे आपल्या वाडवडिलांनी कोऱ्या कागदावर सही देण्यासारखे आहे.

कायद्याचा पत्ता आणि तक्रारदाराचा पत्ता

कायदा झोपलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना जारी केल्या. त्यांत १३ प्रकार सांगितले आहेत. वेशांतर केलेली जाहिरात हा त्यांतला एक, आणि खोटा इशारा दाखवून फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर घुसवणे हाही एक. म्हणजे माझ्या भाच्याच्या संध्याकाळची दोन्ही अंगे त्या यादीत बसतात. गूगलने तर फेब्रुवारी २०१६ मध्येच फसव्या डाउनलोड बटणांना घातक ठरवून अशा पानांवर ब्राउझरमध्ये इशारा दाखवण्याचे जाहीर केले होते, आणि त्याच्या जाहिरात-सेवेच्या नियमांतही जाहिरात डाउनलोडच्या दुव्यासारखी भासवण्याला मनाई आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते.

नियम आहेत आणि तरी हिरवे बटण आहे, याचे कारण दोन्हींच्या पत्त्यांत आहे. कायदा दिल्लीत, संकेतस्थळ कुठल्या देशात ते पानावर लिहिलेले नाही, जाहिरातदार तिसरीकडे, आणि जाहिरात तर दर क्षणाला बदलणारी. ज्या जाहिरातीबद्दल तक्रार करायची, ती पान पुन्हा उघडल्यावर दिसत नाही. आणि तक्रारदाराचे नुकसान किती? काही मिनिटे, थोडा मनस्ताप, तीन आठवड्यांचे खोटे इशारे. एवढ्यासाठी कोण फोन उचलणार? या व्यवसायाचा पाया असा आहे की नुकसान प्रत्येकाचे इतके लहान असावे, की ते कोणी कुठे नेऊ नये.

मागणी कोणाकडे करावी?

म्हणून ही मागणी संकेतस्थळाकडे करण्याआधी अर्ज घेणाऱ्यांकडे केली पाहिजे, असे मला वाटते. त्यांचा पत्ता ठाऊक आहे, त्यांना उत्तर देणे भाग आहे, आणि उपाय त्यांच्या हातात आहे. मोठा फोटो स्वीकारा आणि तुमच्या पानावरच तो लहान करा. सही तिरकी आली तर तिथेच सरळ करू द्या. हे अशक्य नाही, याचे दाखले सरकारी व्यवहारातच आहेत. कर्मचारी निवड आयोगाने २०२४ मध्ये नव्या संकेतस्थळावर जुना फोटो जोडण्याऐवजी अर्ज भरतानाच कॅमेऱ्यासमोर फोटो काढण्याची पद्धत आणली. तिच्याविषयी उमेदवारांच्या वेगळ्या तक्रारी असतील, सहीचे माप अजून आहेच. पण फोटोपुरती केबीची फेरी वाचली. आपल्या शेतकऱ्यांना २०२१ पासून परिचित असलेल्या ई-पीक पाहणीत सोयाबीनच्या वावरात उभे राहून ॲपमधूनच फोटो काढायचा असतो. तो ५० केबीचा करून आणा, असे कोणी सांगत नाही. जे पिकाला जमते, ते उमेदवाराला का जमू नये?

एक आक्षेप अपेक्षित आहे. पोर्टल बदलायला वर्षे लागतील, तोवर काय? तोवर वाटा आहेत. विंडोजच्या संगणकावर पेंट हे साधे सॉफ्टवेअर असतेच. त्यात फोटोचे माप बदलता येते आणि त्याबरोबर केबीही उतरतात. ब्राउझरमध्येच काम करणारी, फोटो बाहेर न पाठवणारी साधने आहेत. 'सूचना पाठवण्यास परवानगी' या प्रश्नाला नाही म्हणता येते, आणि दिलेली परवानगी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन काढता येते. शाळेच्या संगणक तासात पॉवरपॉइंटसोबत हेही अर्ध्या तासात शिकवता येईल. पण हे शिकवणे म्हणजे खड्डा चुकवायला शिकवणे. खड्डा बुजवण्याची जबाबदारी त्याने संपत नाही.

गेल्या महिन्यात मी पुन्हा त्या दुकानात गेलो होतो. भरतीचे दिवस होते, बाकावर मुले बसली होती. दुकानदाराने संगणकाच्या पडद्याच्या वरच्या कडेला चिकटपट्टीने एक कागद लावला आहे. त्यावर पेनाने लिहिले आहे : 'हिरवे बटण दाबू नये. खालचे दाबावे.' तो कागद म्हणजे त्या संकेतस्थळाबद्दलचा सर्वांत अचूक अभिप्राय आहे. तो कंपनीपर्यंत कधी पोचणार नाही. मी दुकानदाराला विचारले, किती वेळा लिहावा लागला हा कागद? तो म्हणाला, "तिसरा आहे. बटणाचा रंग बदलला की नवा लिवा लागते."